हार्टचा व्हॉल्व्ह बदलायचाय? मग म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याची काळजी पण आधीपासूनच घ्या

आपल्याकडं व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा ठरलेलीच, खर्च किती येणार, योजनेत बसतंय का, संभाजीनगरला करायचं का पुण्याला का नांदेडहून सरळ हैदराबाद गाठायचं, छाती उघडणार का पायातून करणार, रक्त कोण देणार, सोबत कोण राहणार. डोक्याचं काय होणार हे कुणी विचारतच नाही. आणि मग ऑपरेशन चांगलं झालेलं असतं, रिपोर्ट चांगले असतात, अन् तिसऱ्या रात्री आई पोटच्या लेकाला "तुम्ही कोण, मला शेतात सोडा" म्हणते की सगळं घर हादरतं. कुणी म्हणतं भूल जास्त दिली, कुणी म्हणतं वय झालं आता, साठी बुद्धी नाठी, आणि कुणी तर बाहेरचं बघायला निघतं.

मी बरीच वर्षं कार्डियाक आयसीयूत सिस्टर आहे, माहेर परभणी जिल्ह्यातलं, त्यामुळं आपल्या भागातली माणसं दवाखान्यात कशी येतात, काय सांगतात आणि काय लपवतात हे रोज बघायलेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. अचानक झालेला बदल वयामुळं नसतो, त्याच्यामागं काहीतरी कारण असतं, आणि ते शोधता येतं. पण बदल झालाय हे डॉक्टरला सांगणार कोण, तर तुम्हीच, कारण ऑपरेशनच्या आधी ते माणूस कसं बोलायचं, कसं वागायचं हे आयसीयूत दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं.

आधी थोडं समजून घ्या

उतारवयात जास्त करून एओर्टिक व्हॉल्व्ह खराब होतो, त्याच्यावर कॅल्शियम जमून तो कडक आणि अरुंद होतो, मग चालताना दम लागतो, छातीत दुखतं, चक्कर येऊन माणूस पडतं. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेल्यामुळं मायट्रल व्हॉल्व्ह बिघडलेली माणसंही आपल्याकडं भरपूर आहेत. ओपन ऑपरेशनमध्ये छातीचं हाड कापतात, हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त हार्ट-लंग मशीनवर फिरतं. टावीमध्ये मांडीच्या रक्तवाहिनीतून नवा व्हॉल्व्ह वर नेऊन जुन्याच्या आतच बसवतात. हे पहिल्यांदा १६ एप्रिल २००२ ला फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलाँ क्रिबिए यांनी केलं. सुरुवातीला ज्यांना ओपन झेपणारच नाही अशांसाठीच टावी होती, आणि अजूनही तिथं येणारे बरेच पेशंट ऐंशीच्या आसपासचे, अशक्त, आधीच थोडं विसरणारे असतात, हे लक्षात ठेवा.

डोक्याला त्रास का होतो याची कारणं एकात एक गुंतलेली असतात. जुन्या व्हॉल्व्हवरचे कॅल्शियमचे बारीक कण किंवा गुठळ्या सुटून मेंदूकडं जाऊ शकतात. टावीनंतर एमआरआय काढला तर बहुतेक पेशंटच्या मेंदूत बारीक ठिपके दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांना बाहेरून काहीच जाणवत नाही. खरा लकवा पहिल्या महिन्यात साधारण शंभरात दोन-तीन जणांना होतो. त्याशिवाय बीपी खाली येणं, ऑक्सिजन कमी पडणं, अंगावरची सूज, भूल, दुखणं, झोप न होणं, ठोके अनियमित होणं, इन्फेक्शन हे सगळं असतंच.

हे वाचून घाबरू नका. टावीनंतर बहुतेकांची बुद्धी आहे तशीच राहते, आणि काहींची तर सुधारते, कारण अरुंद व्हॉल्व्हमुळं मेंदूला रक्त कमी पडत होतं ते आता नीट पोचायला लागतं. थोड्या लोकांची मात्र घसरते. ऑपरेशननंतर लगेच होणारा भ्रम, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, तो ओपनमध्ये बराच जास्त दिसतो आणि मांडीतून केलेल्या टावीत कमी.

एक खर्चाची गोष्ट पण सांगून टाकते. काही ठिकाणी टावीच्या वेळी मेंदूकडं जाणारे कण अडवायला एक फिल्टर लावायचा का असं विचारतात. २०२२ मध्ये ३००० पेशंटवर झालेला एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात फिल्टरवाल्यांत लकवा २.३ टक्के आणि बिनफिल्टरच्यांत २.९ टक्के, म्हणजे फायदा पक्का सिद्ध झाला नाही, मोठा अपंग करणारा लकवा तेवढा थोडा कमी दिसला. मग २०२५ मध्ये ब्रिटनमधला ७६०० च्या वर पेशंटचा अभ्यास आला, त्यात फरक जवळपास नाहीच. डॉक्टरांना तुमच्या पेशंटसाठी खास कारण वाटत असेल तर ते ऐका, पण फक्त फिल्टरसाठी व्याजानं पैसे काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनच्या आधी एक वही करा

शाळेची साधी वही घ्या. त्यात पेशंट आज कसं आहे ते लिहा, डॉक्टरी भाषेत नाही, आपल्या भाषेत. किराणा आणायला एकटे जातात का, पाचशेची नोट देऊन १८० चं सामान घेतलं तर परत किती हे पटकन सांगतात का, गोळ्या स्वतः आठवणीनं घेतात का, आठवडी बाजार कोणत्या वारी आहे, परवा घरी कोण आलं होतं, स्वयंपाक करताना मीठ दोनदा पडतं का, बोलता बोलता शब्द अडतो का, रात्री उठून फिरतात का, मोबाईल लावता येतो का. आणि आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावा, शनिवार, शुक्रवार, गुरुवार असं. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे जमतं आणि लक्ष टिकतंय का ते लगेच कळतं. हे सगळं तारखेसकट लिहून ठेवा आणि जमलं तर मोबाईलवर दोन-तीन मिनिटं त्यांचं बोलणं शूट करा, शेतीचं, लग्नाचं, कशाचंही. मी तुम्हाला खरं सांगते, आयसीयूत राऊंडच्या वेळी नातेवाईकानं असा व्हिडिओ दाखवला की डॉक्टर थांबून बघतात, कारण "आधी चांगले होते हो" या वाक्यातून काहीच कळत नाही, व्हिडिओतून कळतं.

जुन्या आठवणींवर मात्र जाऊ नका. "डोकं एकदम शाबूत आहे, किल्लारीचा भूकंप कालच झाल्यासारखा सांगतात" हे मी किती वेळा ऐकलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट लातूर-धाराशिवकडचं कुणीच विसरणार नाही, ज्याची स्मरणशक्ती पार गेलीय असं माणूससुद्धा गणपती बोळवून झोपलो होतो तिथपासून सगळं सांगेल. जुनं शेवटपर्यंत टिकतं, आधी जातं ते नवं. म्हणून सकाळी काय खाल्लं, काल कुणाचा फोन आला, आत्ता सांगितलेले तीन शब्द पाच मिनिटांनी आठवतात का, हे बघा.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी बुद्धीची चाचणी करून द्या म्हणून स्वतःहून मागा, लाजू नका. एमएमएसई म्हणून एक असते, १९७५ पासूनची, आणि मोका म्हणून दुसरी २००५ ची, दोन्ही ३० मार्कांच्या. मोका मराठीतही आहे. पण शाळा न शिकलेल्या माणसाला यात मार्क कमीच पडतात, चित्र काढा, घड्याळ काढा, आकडे जोडा, ज्या आजीनं आयुष्यात पेन धरला नाही ती कसं करणार. म्हणून मार्क किती पडले याच्यापेक्षा आधीचे आणि नंतरचे मार्क किती बदलले ते बघायचं, आणि चाचणी मराठीतच घ्यायला लावायची. हैदराबादला आपली माणसं भरपूर जातात, तिथं स्टाफ तेलुगूत नाहीतर हिंदीत बोलतो, आणि जिंतूरकडच्या आजोबांना "अभी कौनसा महिना चल रहा है" विचारलं की ते गप्प बसतात, मग कागदावर लिहिलं जातं पेशंट गोंधळलेला आहे. तेव्हा घरचं एक माणूस जवळ पाहिजे, आणि त्यानं मध्ये उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न मराठीत सांगायचा. आजोबांना महिना आषाढ माहीत असेल आणि जुलै माहीत नसेल तर ते बरोबरच उत्तर आहे, तसं सांगा.

लपवू नका

आता जे लिहायलेय ते वाचून काहींना राग येईल पण लिहिणारच. दारू, तंबाखू, मिश्री आणि झोपेच्या गोळ्या या चार गोष्टी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. "आमचे दादा माळकरी आहेत" म्हणून पोरगा छातीठोक सांगतो आणि दादा रोज संध्याकाळी थोडी घेत असतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की दोन ते चार दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, आरडाओरडा सुरू होऊ शकतो, ते जिवावर बेतू शकतं, आणि ऑपरेशननंतरचा भ्रम समजून वेगळीच ट्रीटमेंट चालू राहते. आधी माहीत असलं तर डॉक्टर औषधं लावून हे टाळू शकतात.

मिश्रीचं तर कुणाच्या मनातच येत नाही. आपल्या बायका चाळीस-चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, विचारलं तर "मला कसलंच व्यसन नाही" म्हणतात आणि ते त्यांच्या मनानं खरंच असतं. पण ती जाळलेली तंबाखूच आहे, आयसीयूत गेल्यावर ती बंद होते आणि चिडचिड, बेचैनी, झोप उडणं सुरू होतं. सांगितलं तर उपाय करता येतो. चोरून पदरात मिश्रीची डबी नेऊन देऊ नका तेवढं.

आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, चिठ्ठ्या नाही, गोळ्या. मेडिकलवरून आणलेल्या झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, खाजेच्या गोळ्या, लघवी आवरायच्या गोळ्या, यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसाचं डोकं सुस्त करतात. अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेणारे कितीतरी आहेत. ती मनानं अचानक बंद करायची नाही, त्यानंही भ्रम होतो, डॉक्टर सांगतील तशीच कमी करायची.

आयसीयूतले दिवस

डिलिरियम ओळखायचा कसा? तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक बदल होतो आणि तो कमी-जास्त होत राहतो, सकाळी बरं, संध्याकाळी बिघडलं. लक्ष टिकत नाही, तुम्ही बोलताय आणि त्यांची नजर भलतीकडंच. बोलण्याला आगापिछा नसतो. आणि जाग वेगळीच असते, एकतर जास्तच सावध नाहीतर गुंगीत. अचानक बदल आणि लक्ष नसणं या दोन्ही असतील आणि शेवटच्या दोनपैकी एक असेल तर डॉक्टर डिलिरियम धरतात.

आरडाओरडा करणारा, नळ्या उपसणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गप्प पडलेला दिसत नाही आणि म्हाताऱ्यांत हाच प्रकार लई असतो. मानवतकडच्या एक आजी होत्या, ओपन ऑपरेशन झालेल्या, कण्हणं नाही, तक्रार नाही, सगळे म्हणायचे किती शांत पेशंट आहे. भेटायच्या वेळेत नात आली, थोडा वेळ उभी राहून बघितलं आणि मला म्हणाली, "सिस्टर, आज्जी कापूस वेचायली." बघितलं तर खरंच, दोन बोटांनी चादरीवरचं काहीतरी टिपायचं आणि ओटीत टाकायचं, टिपायचं आणि टाकायचं, नजर कुठंतरी लांब. रक्त तपासलं तर सोडियम बरंच खाली, आणि कानाचं मशीन खाली थांबलेल्या जावयाच्या बॅगेत. सोडियम हळूहळू वर आणलं, मशीन कानात गेलं, चष्मा डोळ्यावर आला, आणि काही दिवसांनी आजींनी मलाच विचारलं, तुझं माहेर कोणतं बाई. नात नसती आली तर आम्हीही शांत पेशंट म्हणून पुढं गेलो असतो, म्हणून सांगते, जे भेटायला जातात त्यांनी फक्त हात जोडून "बरंय ना" करून परत येऊ नये, दोन मिनिटं बोलावं, वार विचारावा, वार उलटे म्हणायला लावावेत.

चष्मा, कानाचं मशीन त्याच्या सेलसकट, दातांची कवळी, हे तिन्ही पेशंटजवळ पोचलेच पाहिजे. ऑपरेशनला काढून घेतात आणि मग ते नातेवाईकांच्या पिशवीत राहतं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही त्याला दिवस आहे का रात्र हेही कळत नाही. समोर दिसेल असं मोठं घड्याळ, मराठी कॅलेंडर, घरच्यांचा एक फोटो ठेवू द्या म्हणून विनंती करा, बहुतेक ठिकाणी ठेवू देतात. तुळशीची माळ, मंगळसूत्र, बांगड्या काढलेल्या असतात त्याचाही बायकांना धसका बसतो, त्यांना सांगा की माळ जपून ठेवलीय, वॉर्डात गेलं की घालू.

बोलताना कसं बोलायचं तर छोटं, सावकाश, समोर येऊन. "माय, तू दवाखान्यात आहेस, ऑपरेशन चांगलं झालंय, मी तुझी लेक, आज मंगळवार आहे, सकाळचे दहा वाजलेत." ती म्हणाली की भिंतीवर साप आहे, तर वाद घालू नका आणि हो हो साप आहे असंही म्हणू नका. "मला दिसत नाही पण तुला भीती वाटायली, मी इथंच बसते" एवढंच पुरतं. आणि सुनेनं "आत्या, मला ओळखलं का, सांगा मी कोण" अशी परीक्षा पुन्हा पुन्हा घेऊ नये, आपणच नाव सांगून बोलायला लागावं. घाबरलेल्या माणसापुढं आठ जण उभे करून रडू नये, एक ठरलेलं, रोजच्या आवाजाचं माणूस ठेवावं.

हातपाय बांधायची वेळ आली तर विचारा की बांधण्याऐवजी आमच्यातलं एक माणूस बसलं तर चालेल का. बांधल्यानं भ्रम वाढतो. कधी कधी नळी वाचवायला थोडा वेळ बांधावंच लागतं, तेव्हा किती वेळ आणि कधी सोडणार ते विचारा. रात्री लाईट कमी करता येईल का, रात्रीचं इंजेक्शन आणि तपासणी एकत्र करता येईल का, लघवीची नळी कधी काढणार, खुर्चीत कधी बसवणार, चालवणार कधी, हेही विचारा, या गोष्टींनी खरंच फरक पडतो, झोपेच्या इंजेक्शनपेक्षा जास्त.

आणि डॉक्टरांना विचारायचं ते नेमकं विचारा. ऑक्सिजन, बीपी, शुगर, सोडियम, हिमोग्लोबिन, किडनी बघितली का, इन्फेक्शन आहे का, लघवी तुंबलीय का, संडास किती दिवस झाली नाही, दुखतंय का, ठोके अनियमित झालेत का, कोणतं नवं औषध सुरू झालंय. व्हॉल्व्हच्या ओपन ऑपरेशननंतर ठोके अनियमित होणं फार कॉमन आहे, त्यातून गुठळी होऊ शकते म्हणून ते विचारायचंच. दुखणं अंगावर काढणारी माणसं आपल्याकडं जास्त, "सोसतंय की" म्हणतात, पण न बोललेल्या दुखण्यानंही डोकं भ्रमतं, आणि उलट काही तगड्या दुखण्याच्या गोळ्यांनीही भ्रमतं, म्हणून डॉक्टरांना दोन्ही बाजू बघू द्या.

लकवा यापेक्षा वेगळा असतो. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात किंवा पाय गळून पडला, बोबडं झालं किंवा शब्दच निघेना, एकदम दिसेना, तर तिथल्या तिथं सिस्टरला हाक मारा. घरी असाल तर १०८ लावा, आणि शेवटचं नीट कधी बघितलं ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा रक्त पातळ करायची गोळी चालूय म्हणून काहींना ते देताही येत नाही, पण मग तारेनं गुठळी काढायचा मार्ग असतो, तो जिथं होतो तिथंच गाठावं लागतं. गावातून जवळच्या दवाखान्यात, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला असे टप्पे घेत बसू नका, फोन करून सीटी स्कॅन कुठं चालू आहे ते विचारून सरळ निघा.

घरी आणल्यावर

पहिला महिना माणूस मंद वाटणं, पेपर वाचता वाचता सोडून देणं, नाव न आठवणं, लवकर चिडणं, हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं येत्या काही महिन्यांत सुधारतं. त्या काळात त्यांना नातेवाईकांसमोर "बघा, यांना काय आठवतं का" असं करू नका. भेटायला येणाऱ्यांची रीघ थोडी आवरा, दुपारी निजू द्या पण दिवसभर नको, सकाळी उन्हात बसवा, अंगणात, मग गल्लीपर्यंत असं रोज थोडं थोडं चालवा. ओपन झालेल्यांनी साधारण दोन महिने हंडा उचलणं, पाणी शेंदणं, पोत्याला हात लावणं, हातावर जोर देऊन उठणं बंद.

मेंदूच्या व्यायामाचे खेळ मोबाईलवर टाकून देतात हल्ली मुलं, मला ते म्हाताऱ्या माणसासाठी फारसे पटत नाहीत. त्यांच्या हाताला जे काम आयुष्यभर येतं तेच द्या. आईला डाळ निवडायला द्या, शेंगा फोडायला, वाती वळायला, लोणच्याचं प्रमाण तोंडी सांगायला लावा. वडिलांना दुधाचा रोजचा हिशोब लिहायला द्या, औंदा तूर किती बॅगा पेरायची ते विचारा, भजनाला जाणारे असतील तर टाळ हातात द्या. त्यातच लक्ष, आठवण, हिशोब सगळं येतं आणि माणसाला आपण घरात कामाचे आहोत असं वाटतं.

गोळ्या मात्र त्यांच्या भरवशावर सोडू नका, आधी कितीही हुशार असले तरी. लोखंडी म्हणतात तो मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आहे, अॅसिट्रॉम नाहीतर वॉरफेरिन. विसरून चुकली तर व्हॉल्व्हवर गुठळी होऊन लकवा, विसरून दोनदा घेतली तर रक्तस्राव. सात दिवसांची, सकाळ-रात्रीचे खण असलेली डबी घ्या, रविवारी दुसऱ्याच कुणीतरी भरायची आणि रात्री तोच खण रिकामा झाला का ते बघायचं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला तपासायचा, त्यांनी फाईलवर लिहिलेल्या आकड्यांच्या मध्ये आहे का ते बघायचं. हिवाळ्यात आपल्याकडं मेथी, शेपू, हरभऱ्याची भाजी रोज ताटात येते आणि उन्हाळ्यात एकदम बंद होते, त्यानं आयएनआर हलतो, म्हणून भाजी बंद करायची नाही, बारा महिने साधारण सारखी ठेवायची आणि मोसम बदलला की तपासणी चुकवायची नाही. अंगदुखीची गोळी मनानं आणायची नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडले आणि डोक्याला लागलं तर टेंगूळ आलं नाही, रक्त आलं नाही, तरी सीटी स्कॅन करून घ्या. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जातं आणि दोन-चार आठवड्यांनी माणूस झोपाळू, विसराळू, चालताना झोक जाणारं होतं. तोपर्यंत पडल्याचं सगळे विसरलेले असतात आणि म्हातारपण म्हणून सोडून देतात. हे वेळेत कळलं तर बरं होतं.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, लाईट गेलेली, त्यात लघवी साफ व्हायची गोळी चालू आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्या सांगितलेलं. अशात सोडियम उतरतं, मळमळ, सुस्ती, बरळणं सुरू होतं. पाणी किती ते तांब्यात मोजून विचारून घ्या, "कमी प्या" एवढ्यावर दवाखान्यातून बाहेर पडू नका, आणि ऊन तापायला लागलं की गोळीचा डोस तोच ठेवायचा का ते विचारा, एकदा सोडियम-पोटॅशियम तपासा.

ताप दोन दिवसांच्या वर राहिला आणि माणूस गोंधळलं, तर गावातल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की व्हॉल्व्ह बदललाय. व्हॉल्व्हवर जंतू बसले तर असाच ताप येतो, आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर पाठवावं लागतं, नाहीतर जंतू सापडत नाहीत. दात रोज स्वच्छ ठेवा, दात काढायच्या आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा.

अजून एक, जे कुणी उघड बोलत नाही. पहिले काही आठवडे, आणि भ्रम झाला असेल तर पूर्ण निवळेपर्यंत, त्यांच्या सह्या-अंगठे घेऊ नका. वाटणीचे कागद, खरेदीखत, पीककर्ज, बँकेतलं वारस, काही नको. पेशंट दवाखान्यातून सुटला नाही तोच सातबारा घेऊन बसलेली माणसं मी बघितलीत. त्यांना नीट वाचता, समजता आणि नाही म्हणता यायला पाहिजे, मगच. मोटरसायकल आणि ट्रॅक्टरही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

महिने गेल्यावरही बरं नसेल तर

वहीतले तेच प्रश्न एका महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं परत विचारा, त्याच वहीत पुढं लिहा. घसरण दिसली तर विसरण्याचा आजार ठरवायच्या आधी बी-१२, थायरॉईड, शुगर, सोडियम, हिमोग्लोबिन तपासा. माळकरी, मांस-मच्छी न खाणाऱ्या घरांत बी-१२ कमी सापडणं रोजचंच आहे आणि ते भरून निघतं. कान तपासा, मोतीबिंदू आहे का बघा. आणि उदासी बघा, ऑपरेशननंतर गप्प गप्प राहणारं, जेवण कमी झालेलं, "आता काय राहिलंय" म्हणणारं माणूस विसराळू वाटतं पण कधी कधी त्याचं मन खचलेलं असतं, त्याच्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारच्या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाईनवर, १४४१६ वर, फुकट बोलता येतं, मराठीतही.

हे सगळं करूनही सहा महिन्यांनी घर, पैसे, गोळ्या सांभाळणं आधीसारखं जमत नसेल तर न्यूरोलॉजिस्टकडं न्या. सोबत वही, आधीचा तो व्हिडिओ, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पिशवी असू द्या. त्यांनी एमआरआय सांगितला तर "व्हॉल्व्ह आहे, जमणार नाही" म्हणून आपणच परत फिरू नका, आजकालच्या व्हॉल्व्हवर एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, फक्त व्हॉल्व्हचं कार्ड दाखवा, आणि टावीनंतर पेसमेकर बसवावा लागला असेल तर त्याचंही कार्ड न्या, कारण त्याचं मॉडेल बघूनच ते ठरवतात.